उशिरां उमटणारी वाचा

गौरी-गणपतीच्या दिवसांत चार पाहुणे ओसरीवर बसले म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो. "तुमचा धाकटा नातू अजून बोलत नाहीं का हो?" विचारणाराच्या मनांत वाईट कांहीं नसतें, चहाचा पेला खालीं ठेवतांना सहज सुचलेला तो प्रश्न असतो. परंतु स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असलेली त्या मुलाची आई तो ऐकत असते, आणि तें मूलही ऐकत असतें. मूल ऐकतें व त्यास समजतें, ही गोष्ट आम्हांस पटावयास तीन वर्षें लागलीं. त्या तीन वर्षांत काय चुकलें व पुढें काय साधलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें बरेच दिवस मनांत होतें.

आमचें बिऱ्हाड खडकवासल्यास, धरणाच्या भिंतीपासून पायीं दहा मिनिटांच्या अंतरावर. २०२१ सालीं आमचें गांव पुणें महापालिकेंत सामील झालें, पण आम्ही अद्याप "पुण्यास जाऊन येतों" असेंच म्हणतों. घरांत आम्ही, आमचें कुटुंब, थोरली विधवा बहीण, दोन मुलगे, दोन सुना व चार नातवंडें, अशीं अकरा माणसें. धाकट्या मुलाचा मुलगा डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मास आला. त्याचें नांव येथें देत नाहीं. घरांत सारीं त्यास बाळ म्हणतात. आतां तो आठ वर्षांचा झाला तरी तेंच चालूं आहे; तें बदलावें असें आमच्या सुनेचें म्हणणें आहे व तें बरोबर आहे.

जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरानें १८६६ सालीं अशा मुलांच्या ठेवणीचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून त्याचें नांव या स्थितीस चिकटलें. कारण मात्र त्यास ठाऊक नव्हतें. तें १९५९ सालीं फ्रान्समध्यें जेरोम लेज्यून व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. या मुलांत एकविसाव्या जोडीच्या जागीं बहुधा तीन गुणसूत्रें असतात, आणि शेचाळिसांऐवजीं एकूण सत्तेचाळीस भरतात. आईनें ग्रहणांत विळी हातांत धरली, डोहाळे पुरविले गेले नाहींत, कुळांत कोणाचा शाप आहे, यांपैकीं कशाचाही त्याशीं संबंध नाहीं. आमच्या बहिणीनें पंचांग काढून ग्रहणाचा हिशेब केला होता. ग्रहण निघालें नाहीं, तेव्हां ती दुसरें कारण शोधूं लागली. आईचें वय वाढतें तशी अशा जन्माची शक्यता वाढते हें खरें. पण आमची सून त्या वेळीं सव्वीस वर्षांची होती. अशीं पुष्कळ मुलें तरुण आयांच्याच पोटीं येतात, कारण एकंदर जन्मणारीं मुलेंच बहुतेक तरुण आयांचीं असतात. साधारण सातशें ते हजार जन्मांत असें एक मूल येतें, मग देश कोणताही असो, जात कोणतीही असो.

आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों, म्हणजे पुढें लिहिणें सोपें जाईल. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पाठशाळेंत थोडेंबहुत संस्कृत केलें, शिक्षकाची पदविका घेतली, व चौतीस वर्षें मुलें शिकविलीं. नोकरीच्या पहिल्या पांचसहा वर्षांत धरणांत मासे धरणारा एक मनुष्य आपल्या मुलास घेऊन शाळेंत आला. मुलाचे डोळे किंचित् तिरपे, जीभ ओंठांवर, एकही शब्द स्पष्ट नाहीं. आम्हीं बापास सांगितलें, "याला शाळेंत बसवून काय उपयोग? घरीं सांभाळा." बाप भांडला नाहीं. "बरं मास्तर," म्हणून मुलाचा हात धरून निघून गेला. पुढें सबंध पावसाळा तो मुलगा वर्गाच्या खिडकीशीं येऊन उभा राहात असे, आणि मुलें कविता म्हणूं लागलीं कीं ओळीचा शेवटचा स्वर त्यांच्याबरोबर लांबवीत असे. आम्ही त्यास हांकलून देत असूं. मधल्या इतक्या वर्षांत ही आठवण कधीं आली नाहीं. बाळ झाल्यावर आली, ती आतां जात नाहीं.

आतां वाचेकडे वळूं. शिक्षाग्रंथांत कंठ, टाळू, मूर्धा, दांत व ओंठ अशीं वर्णांचीं स्थानें सांगितलीं आहेत. तीं आम्हीं पाठ केलीं होतीं, मुलांकडून पाठ करवून घेतलीं होतीं. पण या स्थानांवर जीभ वेळेवर नेऊन पोंचविणें हें केवढ्या कष्टाचें काम आहे, तें बाळाच्या तोंडाकडे पाहून कळलें. या मुलांचे स्नायू जन्मतः सैल असतात. ओंठ, जीभ, गाल व जबडा यांच्याही स्नायूंस तीच गत. तोंडाची पोकळी लहान व टाळू पुष्कळदां अरुंद, त्यामुळें जीभ मोठी भासते. "जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवा," असें आम्हांस निदान सात जणांनीं सांगितलें. आमच्या बहिणीनें तें गुपचूप केलेंही. बाळानें तोंड वांकडें केलें, एवढाच त्याचा परिणाम.

परंतु तोंडाहूनही मोठी अडचण कानाची असते, आणि ती दिसत नाहीं म्हणून घातक. या मुलांच्या कानाच्या नळ्या फार अरुंद असतात. सर्दी झाली कीं पडद्यामागें मध्यकर्णांत चिकट द्रव सांचतो व तो महिनोन्महिने तेथेंच राहतो. निम्म्याहून अधिक मुलांस केव्हां ना केव्हां हा त्रास होतोच. मूल ठार बहिरें होत नाहीं, हीच त्यांतील फसगत. मोठा आवाज त्यास ऐकूं येतो. हळूं उच्चारलेले स, श, त, फ हे वर्ण मात्र गळून जातात. आज कमी ऐकूं येतें, पंधरवड्यानें बरें ऐकूं येतें, पुन्हां बंद. पानें फाटलेलें पुस्तक हातीं देऊन मुलाकडून धडा मागावा, तसला हा प्रकार.

बाळ अडीच वर्षांचा असतांना आम्हीं त्यास शहरांतील एका डॉक्टरांकडे नेलें होतें. त्यांनीं त्याच्या मस्तकावरून हात फिरवून सांगितलें, "असलीं मुलें उशिरांच बोलतात. वाट पाहा." आम्हीं वाट पाहिली. वर्ष गेलें. मागून हांक मारली तर बाळ वळत नसे, आणि आम्ही त्यास हट्टी ठरवून मोकळे झालों होतों. शेवटीं आमच्या थोरल्या नातीनें, ती तेव्हां चौथींत होती, एक शोध लावला. "आजोबा, खाऊचा कागद त्याच्या पाठीमागं वाजवला तर तो बघत नाहीं. पुढं धरला तर धांवत येतो." चौतीस वर्षें शिक्षकी करून जें आम्हांस दिसलें नाहीं, तें त्या पोरीनें बिस्किटाच्या कागदानें दाखविलें. दुसऱ्याच आठवड्यांत श्रवणचाचणी झाली. दोन्ही कानांत द्रव भरलेला होता. पडद्यांत बारीक नळ्या बसविल्या. जूनच्या पहिल्या सरीला बाळ अंगणांतील पत्र्याखालीं उभा राहिला, बोट वर करून त्या ताडताड आवाजाकडे पाहात राहिला, आणि कांहीं केल्या आंत येईना.

ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्यांस आमची कळकळीची विनंति आहे, कीं दुसरें कांहीं झालें नाहीं तरी कान तपासून घ्यावा. एकदां तपासून न थांबतां पुनः पुनः तपासावा. थायरॉईडची तपासणीही ठराविक मुदतीनें करावी, कारण तीही ग्रंथी या मुलांत पुष्कळदां मंदावते व मूल आणखी सुस्त होतें. सुमारें निम्म्या मुलांच्या हृदयांत जन्मतः दोष असतो. तो बहुधा लवकर कळतो, म्हणून त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं.

वाक्यपदीयांत भर्तृहरीनें वाणीच्या पश्यंती, मध्यमा व वैखरी अशा अवस्था मानल्या आहेत. त्यांतील तत्त्वज्ञान पंडितांकडे सोंपवून आम्ही त्यांतून एक साधा अर्थ घेतों: मुखांतून बाहेर पडते ती वैखरी, आणि ती पडण्यापूर्वीं आंत शब्द घडत असतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत या दोहोंमधील अंतर फार मोठें असतें. त्यांस समजतें पुष्कळ, बोलतां येतें थोडें. बाळास एकही शब्द येत नव्हता तेव्हांही "आजोबांचा चष्मा आण" म्हटलें कीं तो चष्मा आणी, आणि "चष्म्याचें घर आण" म्हटलें कीं घर आणी. आमच्या या धरणावर विश्वेश्वरय्यांनीं १९०३ सालीं आपोआप उघडणारे दरवाजे बसविले होते. पाणी ठराविक पातळीस चढलें म्हणजे ते आपले आपण उघडत. आम्ही मात्र पाणी किती चढलें आहे हें न पाहतां दरवाजावर धक्के देत बसलों होतों.

त्या धक्क्यांची हकीकत अशी. रोज संध्याकाळीं शुभंकरोति झाली कीं आम्ही बाळास पाटावर बसवून "म्हण, क" असें सुरू करीत असूं. आमची वर्णमाला कंठापासून निघून ओंठांशीं येते. क-वर्ग आधीं, प-वर्ग शेवटीं. व्यवस्था मोठी सुंदर आहे, पण मूल बहुधा उलट बाजूनें येतें. त्यास ओंठ दिसतात, म्हणून ब, म, प हे त्याचे पहिले. मग दांतांचे त व द. क व ग त्यानंतर. आणि ट, ण, ळ, र यांची पाळी फार उशिरां. आमच्या नात्यांचीं नांवें कोणी बसविलीं कोण जाणे, पण तीं या क्रमास धरून आहेत. बाबा, मामा, आबा हीं ओंठांवरचीं; दादा, ताई दांतांवरचीं; काका त्यांमागून. बाळ आम्हांस पाहून "आबा" असें कांहींसें म्हणूं लागला होता. आमच्या घराण्यांत आबा म्हणण्याचा प्रघात नाहीं, आणि चुकीचें वळण लागूं नये हा आमचा जन्मभरचा खाक्या. "आबा नव्हे, आजोबा. म्हण, आ-जो-बा." असें महिनाभर झालें. मग बाळ आम्हांस पाहून कांहींच म्हणेनासा झाला. आम्ही ओसरीवर दिसलों कीं तो आजीच्या पदराआड जाई.

आठवड्यांतून दोनदां सून त्यास बसनें शहरांत वाणी-उपचारासाठीं नेई. तेथील बाई वयानें आमच्या मुलीएवढ्या. एके दिवशीं आम्ही बरोबर गेलों, तेव्हां त्यांनीं अर्धा तास आमच्याकडे व बाळाकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "आजोबा, एक मागूं का? पंधरा दिवस त्याला 'म्हण' हा शब्द म्हणूं नका." आम्हांस राग आला, हें कबूल करतों. परतीच्या बसमध्यें सुनेशीं बोललों नाहीं. पण व्रत म्हणून तें पाळलें. बाळ जें पाहील त्याचें नांव आपणच सांगावयाचें, तो जो आवाज काढील तोच आवाज त्यास परत द्यावयाचा, आणि मग थांबावयाचें. मनांत दहापर्यंत आंकडे मोजावयाचे. मास्तराला गप्प बसण्यासारखी दुसरी शिक्षा नाहीं. अकराव्या दिवशीं बाळ आपण होऊन आमच्या पाटावर येऊन बसला. शब्द नव्हता, चष्मा काढून आपल्या नाकावर घातला, इतकेंच.

बाईंनीं दुसरी गोष्ट शिकविली ती खुणांची. हाताच्या खुणा शिकविल्यास मूल खुणांवरच भागवील व बोलणार नाहीं, ही भीति घरांत सर्वांसच होती. ती खोटी आहे. इंग्लंडांत १९७० नंतरच्या दशकांत 'मॅकॅटन' नांवाची खुणा व चिन्हें यांची पद्धति निघाली. तींत खूण करतांना तोंडानें शब्द बोलावयाचाच असतो. अनुभव असा, कीं शब्द जिभेवर आला म्हणजे मूल खूण आपण होऊन टाकून देतें. शिवाय खुणा कोणतें मूल करीत नाहीं? नमस्कार, टाळ्या, "ये ये" म्हणून हात हलविणें, चांदोबाकडे बोट, हें सारें आपण प्रत्येक तान्ह्यास शिकवितोंच. बाळाच्या खुणा फक्त थोड्या अधिक व ठराविक. ठराविक हा शब्द महत्त्वाचा. 'पाणी'ची खूण आजीची एक, काकूची दुसरी, असें झालें तर सगळा घोटाळा. आमच्या थोरल्या सुनेनें खुणांचीं चित्रें काढून देवघराच्या दारावर लावलीं, आणि अकराही माणसें तीं शिकलीं. आमच्या बहिणीस सर्वांत आधीं आल्या.

एकत्र कुटुंब अशा मुलास फार चांगलें असें आपण म्हणतों. बोलणारीं माणसें पुष्कळ, मांडीवर घेणारीं पुष्कळ, हें खरेंच. पण आमच्या घरांत त्याचा अपायही दिसला. अकरा माणसें एकदम बोलतात, त्यांत ज्याचा कान कच्चा त्यास एकही वाक्य धड सांपडत नाहीं. आणि दुसरें, मूल मागण्यापूर्वींच कोणीतरी देतें. बाळानें लाडवाच्या डब्याकडे नुसतें पाहिलें कीं आत्यानें डबा उघडलाच. मग त्यानें तोंड कशाला उघडावें? आतां डबा उंचावर असतो, बाळानें मागितल्याशिवाय उघडत नाहीं. तें मागणें शब्दानें असो, खुणेनें असो वा अर्ध्या शब्दानें असो. मिळतो तो पुरा लाडू. "पुरतें म्हटल्याशिवाय नाहीं" ही अट घालूं नये. घालून पाहिली, आणि बाळानें लाडूच सोडला.

वाचनाची गोष्ट आम्हांस स्वतःस सर्वांत नवलाची वाटली. या मुलांचें कानाचें स्मरण तोकडें असतें. एका दमांत ऐकलेले चार शब्द त्यांच्या मनांत टिकत नाहींत. डोळ्यांचें स्मरण त्या मानानें चांगलें. इंग्लंडांत पोर्ट्स्मथ येथें सू बकले या बाईंस १९८० सालीं एका पित्याचें पत्र वाचावयास मिळालें. त्याची मुलगी तीन वर्षांची असतांनाच शब्द वाचूं लागली होती व त्या वाचनामुळें तिचें बोलणें सुधारलें होतें. त्यांनीं यावर पुढें अनेक वर्षें काम केलें, आणि बोलणें आल्यावर वाचन हा नेहमींचा क्रम या मुलांत उलटा करतां येतो हें दाखविलें. छापलेला शब्द डोळ्यांपुढें स्थिर राहतो. बोललेला हवेंत जातो. आम्हीं पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत शब्द लिहिले: दूध, आई, बूट, माऊ. ते वस्तूंशेजारीं टांगले. मुळाक्षरें नाहींत, सबंध शब्द. बाळ 'दूध' हा शब्द नीट उच्चारूं लागला त्याच्या पांच महिने आधीं तो पुठ्ठा ओळखून आणून देत होता. आपल्या देवनागरींत लिहिलें तसेंच बहुतांशीं वाचावयाचें असतें, ही सोय इंग्रज मुलास नाहीं. पुढें अक्षरें फोडून शिकवितांना ती फार उपयोगी पडली.

भाषेवरून घरांत एक तंटाही झाला. परदेशीं असलेल्या एका आप्तांनीं लिहिलें, कीं अशा मुलास दोन भाषांचा भार नको. मराठी सोडा व घरांत इंग्रजीच बोला. आमची सून जवळजवळ तयार झाली होती. परंतु कॅनडांत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, घरांत दोन भाषा ऐकणारीं डाऊन सिंड्रोमचीं मुलें एकाच भाषेंत वाढलेल्या तशाच मुलांच्या मागें पडलेलीं आढळलीं नाहींत. आणि समजा भार पडतोच, तर ज्या भाषेंत आजी गोष्ट सांगते, भावंडें भांडतात, ती काढून ज्या भाषेंत घरांतलें कोणी धड हंसूंही शकत नाहीं ती ठेवणें, हा कोणता हिशेब?

आपल्याकडे या मुलांचा विचार अगदींच नवा नाहीं. मुंबईंत होरमसजी व तेहमिना वकील या पारशी दांपत्यानें डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या कन्येसाठीं १९४४ सालीं राहत्या घरांतच शाळा सुरू केली. तीच आज शिवडीस 'जय वकील' या नांवानें मोठी संस्था झाली आहे. पुण्यांत 'कामायनी' १९६४ पासून काम करीत आहे. वांद्र्यास वाणी व श्रवण यांची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालीं निघाली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांतून व सरकारी शाळांतून मुलांची तपासणी होते, आणि तींत शोधावयाच्या विकारांच्या यादींत डाऊन सिंड्रोमचें नांव आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वयें ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षेंपर्यंत जवळच्या शाळेंत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे आम्हीं त्या बापास जें सांगितलें, तें आज कोणी मास्तर सांगूं लागला तर तो कायद्यानें चुकेल.

तो मुलगा आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत भेटला. धरणाच्या चौपाटीवर त्याच्या भावाची कणसांची गाडी आहे. आम्ही बाळास घेऊन फिरावयास गेलों होतों. बाळानें कणसाची खूण केली. दोन्ही मुठी तोंडाशीं नेऊन फिरविल्या. गाडीमागें स्टुलावर बसून निखाऱ्यांवर पंखा घालणाऱ्या गृहस्थानें ती ताबडतोब ओळखली व कणीस उचललें. केंस पिकलेले, डोळे तसेच किंचित् तिरपे. आमच्याकडे पाहून तो "मास्तर" म्हणाला, अगदीं स्पष्ट. आम्हीं त्यास त्याचें नांव विचारलें; आम्हांस तें ठाऊक नव्हतें, कारण त्या दिवशीं शाळेंत आम्हीं तें विचारलेंच नव्हतें. त्यानें सांगितलें. तें आम्हांस दोन वेळां ऐकूनही नीट कळलें नाहीं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानें न रागावतां पुन्हां सांगितलें, आणि भावानें मध्यें तोंड घातलें नाहीं हें आमच्या ध्यानांत राहिलें.

बाळ आतां दोन-तीन शब्दांचीं वाक्यें बोलतो. परक्यास त्यांतलीं निम्मीं कळतात. या मुलांपैकीं पुष्कळांचें बोलणें मोठेपणींही अपरिचितांस थोडें अस्पष्टच लागतें, आणि तसें तें लागेल हें धरून चालावें. आम्हांस तो 'आबो' म्हणतो. यंदा गणपतींत आमचे एक जुने स्नेही आले होते. बाळ ओसरीवरच होता. आतां त्यास आंत नेत नाहींत. स्नेह्यांनीं त्यालाच विचारलें, "काय रे, तुझं नांव काय?" आमच्या बहिणीचें तोंड उघडलें होतें, तें आम्हीं हातानें अडविलें. सहा-सात आंकडे झाले असतील. बाळानें नांव सांगितलें. स्नेह्यांस कळलें नाहीं; ते आमच्याकडे पाहूं लागले. आम्ही सांगणार तोंच बाळानें "आबो, नको," म्हणून आमच्या गुडघ्यावर चापट मारली, आणि त्यांच्याकडे वळून पुन्हां सांगितलें.